आलोच

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. आधी फोनच करणार होते, पण मग आठवलं की सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाल्यामुळे रिसीव्हर कानाला लावला की तुला पगार मागावासा वाटतो. म्हणून हे पत्र. ऑफिसच्याच कागदावर लिहिते आहे. वर छापलेलं बोधवाक्य वाचू नकोस, जेवण अंगी लागायचं नाही.

आमच्याकडे एक नवे साहेब आले आहेत. त्यांच्या हुद्द्यात चार शब्द आहेत आणि एकाचाही अर्थ मला लागत नाही, म्हणून मी त्यांना शब्दसाहेब म्हणते. माणूस वाईट नाही. गोड बोलतो, दार उघडून धरतो. पण त्यांना 'वेळ आहे का' असं विचारता येत नाही, ते 'बँडविड्थ आहे का' म्हणतात. 'बोलू या' म्हणायच्या जागी 'अलाइन होऊ या'. आणि काम टाळायचं असलं की म्हणतात, 'याला आपण सर्कल बॅक करू.' म्हणजे म्हणे पुन्हा या विषयाकडे येऊ. आत्या, सर्कल बॅक करतो म्हणून गेलेला माणूस परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.

तर भांडण असं. माझं काम मी तुला कधी धड सांगितलंच नाही. आमची कुरियर कंपनी आणि कुठलं पार्सल कुठे आहे, कसं आहे, हे सांगणारा प्रोग्राम माझा. सुरुवात केली तेव्हा मी एकटीच होते. पार्सलांच्या तऱ्हांना नावं द्यायची होती, आणि डोक्यात आली ती आपल्या घरचीच. काहीही बिघडलेलं नसताना वाटेत नुसतं बसून राहिलेलं पार्सल म्हणजे 'रुसलंय'. शेजाऱ्याकडे दिलेलं ते 'पाहुणं'. कुणीच न नेलेलं, पण टाकवत नाही असं, ते 'माळ्यावर'. आणि पडद्यावर रुसलेल्या पार्सलासमोर, खालच्या पार्सल-हॉलमधल्या माणसाने दाबायचं एक बटण आहे, त्यावर लिहिलंय 'आलोच'. तात्पुरती म्हणून दिलेली नावं होती ही. पण तात्पुरता लावलेला खिळा कधी कुणी काढलाय?

आता शब्दसाहेबांनी फर्मान काढलंय की प्रोग्राममधले सगळे घरगुती शब्द काढायचे आणि त्यांच्या यादीतले घालायचे. आमच्या चमूत चार-पाच भाषांचे लोक आहेत, तेव्हा वरवर पाहता त्यांचं चूक नाही. पण मला ते करवत नाही. बाबांचं दुरुस्तीचं दुकान गेलं, हत्यारं गेली, तू आणि मी सोडून त्यांच्यासारखं बोलणारं कुणी उरलं नाही. ते शब्द तेवढे रोज कामावर जात होते. काय करू सांग.

तुझी,
ठिणगी


१३ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

आशीर्वाद नेहमीचेच, पण ताजे. बोधवाक्य वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

दादाचे शब्द पार्सलं वाहताहेत हे मला आज कळतंय. इतकी वर्षं पोटात ठेवलंस, अगदी घुमी आहेस. वाचून बराच वेळ खिडकीत बसून राहिले.

तुला फ्रीजची गोष्ट आठवते का? तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, अर्धवटच आठवत असेल. दादा दुसऱ्यांच्या घरची यंत्रं दिवसभर दुरुस्त करायचा, पण आपल्या घरी नवं यंत्र आलं की त्याचा नियम एकच, नाव पडल्याशिवाय वीज नाही. सगळ्यांनी भोवती बसायचं, एकेकाने नाव सुचवायचं, आणि शेवटचा शब्द जो ते जास्त वापरणार त्याचा. पंख्याचं नाव 'वारेमाप' पहिल्या फटक्यात ठरलं. टेलिफोन 'चोंबड्या' झाला, त्यावर मी आठवडाभर बोलले नाही. पण फ्रीज आला आणि सगळं अडलं. मी म्हणत होते 'गारठा'. दादाला 'हिमतराव' हवं होतं. वहिनी म्हणाली, कपाटाला कपाट म्हणा आणि मला दूध ठेवू द्या. दोन दिवस फ्रीज स्वयंपाकघरात विजेविना उभा, आणि त्याच्या शेजारी ओट्यावर दूध नासतंय. शेवटी तू पेंगुळलेली उठलीस, दार उघडून आत बघितलंस आणि म्हणालीस, हा तर नुसता थंडोबा आहे. वहिनीने तिथल्या तिथे प्लग लावला.

रुसण्याचा नियमही त्याचाच. दुकानात आलेली निम्मी यंत्रं बिघडलेली नसतातच, रुसलेली असतात, असं तो म्हणायचा. त्यांना ठोकायचं नाही, लगेच उघडायचंही नाही. एकदा विचारायचं, काय झालं बाई? मग वर एक फडकं टाकायचं, 'आलोच' म्हणायचं आणि चहाला जायचं. गिऱ्हाइकं हसायची. पण चहा घेऊन तो आला, फडकं काढलं आणि बटण दाबलं की खरंच दहातली पाच सुरू व्हायची.

तुझं खरं आहे, ही भाषा बोलणारी माणसं जगात आता दोनच. त्यातलं एक माणूस उतारावर आहे. मी गेले की तू कुणाला म्हणणार, थंडोबा घोरतोय जरा बघ? म्हणून म्हणते, भांड. माझं वय भांडायचं राहिलं नाही, तुझं आहे. शब्द काढू देऊ नकोस.

माझं बरं चाललंय. जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या कुणीतरी रोज वाढवतं. दाराच्या फटीतून कुणी एक रंगीत माहितीपत्रक सारून गेलंय, त्यात म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहाला 'ज्येष्ठ जीवनशैली अनुभव' म्हटलंय. तुझ्या शब्दसाहेबांचे भाऊबंद सगळीकडे आहेत. माझं जेवणाचं टेबल डुगडुगत होतं, ते पत्रक घडी घालून पायाखाली दिलं. आता टेबल झकास आहे. वारेमापवर धूळ बसली आहे, एकदा स्टुलावर चढायला हवं.

आत्या


२ मार्च

ती. आत्या,

भांडले आणि हरले.

बैठकीला काचेच्या खोलीत बारा जण होते. मी चांगली तयारी करून गेले होते. सांगितलं की हे शब्द हॉलमधल्या लोकांच्या तोंडी बसले आहेत, पडद्यावर 'रुसलंय' दिसलं की काय करायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. शब्दसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'तुमच्या पॅशनला आम्ही खूप व्हॅल्यू करतो.' ऑफिसात आपल्या भावनेची किंमत करतो असं कुणी म्हटलं, की समजावं, निकाल लागला. बाकीचे आपापल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. माझ्याच चमूतला एक जण तर झाकण उघडून पुन्हा लावत बसला.

आता 'रुसलंय' झालंय 'एंगेजमेंट पॉज्ड'. पाहुण्याचं जे झालंय ते मी लिहीत नाही, हात दुखेल. आणि आत्या, 'आलोच'च्या जागी काय आलं असेल? 'सर्कल बॅक'.

हे काम दुसऱ्या कुणाला देत होते. मी म्हटलं, नको, मीच करते. घरचं माणूस घालवायचं तर परक्याच्या हातून कशाला? प्रोग्राम दर वेळी विचारायचा, हा शब्द इतक्या ठिकाणी आहे, सगळीकडे बदलू का? मी 'हो' म्हणत गेले. एका दुपारीत संपलं. बाबांचं दुकान आवरायलासुद्धा आपल्याला आठवडा लागला होता.

काम संपवून मी जवळच्या दुकानात गेले आणि तुझ्यासाठी विजेची किटली घेतली. मागे एकदा दूध उतू गेलं आणि गॅस तसाच चालू राहिला, हे तू हसत हसत लिहिलं होतंस. मला काही हसू आलं नव्हतं. ही किटली पाणी उकळलं की आपली आपण बंद होते. आमच्याच कुरियरने पाठवते आहे. नियम माहीतच आहे, नाव पडल्याशिवाय लावायची नाही. वापरणारी तू, तेव्हा शेवटचा शब्द तुझा. काय ठरतं ते लगेच कळव. निदान एक तरी नवा शब्द आपल्याकडे जमा होऊ दे.

रागावू नकोस.

ठिणगी


२९ मार्च

ती. आत्या,

पत्र नाही, किटलीचं नाव नाही. म्हणजे तू रुसलीस.

रुसणारच. भांड म्हणून सांगितलंस आणि मी स्वतःच्या हाताने शब्द पुसून आले. मला माझाच राग येतो, तर तुला का येऊ नये? पण मी बाबांची मुलगी आहे, रुसलेल्याशी कसं वागायचं ते मला माहीत आहे. ठोकायचं नाही, उघडायचं नाही. एकदा विचारते, काय झालं? आणि हे बघ, वर फडकं टाकलं. आता तुला वाटेल तेव्हा तू लिही, मी मध्ये मध्ये करणार नाही.

इकडे नवे शब्द लागू झाले. हॉलमधल्या कोपऱ्यात पार्सलं साठताहेत म्हणे. पडद्यावर 'एंगेजमेंट पॉज्ड' दिसलं की लोकांना वाटतं, वरून कुणीतरी थांबवलं असेल, आपण कशाला हात लावा. मी शब्दसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सर्कल बॅक करू.

ठिणगी


२१ मे

आत्या,

आज मायना नाही, घाईत लिहिते आहे. हे पत्र तुला किटलीच्या खोक्यातच मिळेल, आणि ते खोकं तू जिथे आहेस तिथे पोचेल. तुझ्या घरी नाही. मला कळलंय.

कसं कळलं ते सांगते. आमच्या हॉलचा मुकादम मधे दुसऱ्या शाखेत होता, तो परवा परत आला. आपल्या भाषेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आज दुपारी त्याचा फोन आला. सगळं वाक्य त्याच्या भाषेत आणि मधे एक शब्द आपला. तो म्हणाला, 'ताई, तुमचं एक पार्सल रुसलंय.'

मी म्हटलं, तो शब्द आता नाही. तो म्हणाला, पडद्यावर नाही.

मी खाली हॉलमध्ये गेले. कोपऱ्यात साठलेली ती सगळी पार्सलं त्याने ओळीने लावली होती, आणि एकेका खोक्यावर फडकं. जुने गणवेश फाडून केलेली, पुसायची, तेलकट, मिळतील तशी. कुणाच्या तरी निरोपसमारंभात मी बाबांची ती गोष्ट सांगितली होती म्हणे. मी विसरून गेले होते, हे लोक विसरले नव्हते. तेव्हापासून रुसलेल्या पार्सलावर फडकं टाकायचं, 'आलोच' म्हणायचं, चहा घ्यायचा आणि परत येऊन ते हातात घ्यायचं, लेबल वाचायचं, फोन करून विचारायचं, ही त्यांची पद्धत. बटणावरचं नाव बदललं तशी नव्यांनी सोडली, जुन्यांनी तो आल्यावर पुन्हा धरली. चौथ्या ओळीत एका पिवळ्या फडक्याखाली माझ्या अक्षरात तुझा पत्ता होता. त्यावर शिक्का होता, 'घर बंद'.

मी तिथेच खोक्यावर बसले आणि रडले. मुकादमाने खोक्यावरचा पत्ता वाचला. त्याने तुमच्या गावच्या शाखेला फोन लावला, तिथल्या माणसाला तुझ्या गल्लीत पाठवलं. तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं की बाई मार्चच्या सुरुवातीलाच पडल्या, दवाखान्यात होत्या, मग म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात गेल्या. पत्ता त्याच्याकडेच होता. टेबलाच्या पायाखालच्या पत्रकावरून घेतलेला.

मग मी त्या जागी फोन केला. म्हटलं, माझ्या आत्या कशा आहेत? एक गोड आवाज म्हणाला, त्या त्यांच्या अनुभवात छान सेटल होताहेत. मी म्हटलं, चालतात का? म्हणे, त्यांची मोबिलिटी जर्नी उत्तम सुरू आहे. मी म्हटलं, अहो बाई, पाय टेकतात का जमिनीला? तेव्हा कुठे तिने तुला बोलावलं. आणि तू काय बोललीस? 'पत्र लिही.' आणि ठेवून दिलास. पण आवाज तुझाच होता, तेवढ्यावर आजचा दिवस निघाला.

माझ्याच प्रोग्राममध्ये तुझं पार्सल बसून होतं आणि मी एकदाही बघितलं नाही. मी खुशाल समजत होते की तू रुसलीस.

मला यायचंय. येऊ का? की खरंच रुसलीस?

ठिणगी


२८ मे

चि. ठिणगी,

आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस.

पाय टेकतो. काठी लागते. स्टुलावरून पडले, वारेमाप पुसताना. हाड मोडलं ते खुब्याचं. तुझं २ मार्चचं पत्र त्या दिवशी टेबलावर होतं, आणि त्याचं उत्तर मी मनात जुळवत होते. तू शब्द काढलेस म्हणून मी रागावले असेन असं तुला वाटलं, हे नंतरचं पत्र शिंप्याने आणून दिलं तेव्हा कळलं. वेडी कुठली. स्वतः बसून एकेक शब्द काढलास, परक्याला हात लावू दिला नाहीस, यावर रागावणारी मी कोण? दादाने तरी काय वेगळं केलं असतं?

न लिहिण्याचं कारण वेगळं आहे. ते लिहिते, म्हणजे सुटेन.

दादाला ऑपरेशनला नेत होते तेव्हा दारापाशी मी होते. तू प्रवासात होतीस. हिरवं कापड गळ्यापर्यंत ओढलेलं, आणि त्याने मान वळवून मला सांगितलं, 'आलोच.' नेहमीसारखं. चहाला निघाल्यासारखं. मी बाकावर बसून राहिले. ज्याने आयुष्यात हा शब्द एकदाही मोडला नाही, त्याने तेवढा एकदा मोडला. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तुझ्या बटणावर तो शब्द होता हे वाचलं, तेव्हा खिडकीत बसले होते ती त्यासाठी.

आणि मला झोळीत घालून तीन मजले उतरवत होते तेव्हा दार ओढताना मी घराला काय म्हटलं असेल? तोंडातून सवयीने गेलं, 'आलेच.' मग डॉक्टर म्हणाले, जिने बंद. घर मालकाला परत दिलं. शिंप्याच्या बायकोने सामान आवरलं. मी परत गेलेच नाही, कुलूप लावायलासुद्धा नाही. तुला पत्र लिहायचं म्हणजे हे लिहायचं. पेन घ्यायचे आणि ठेवायचे. वाटलं, आपल्या भाषेतला हा शब्द आता दोघा भावंडांनी मिळून खोटा पाडला, तर त्या पोरीने तो पुसला तेच बरं.

रुसले नव्हते. पण खरं सांगू? दुसऱ्या महिन्यात रुसले. तुझ्यावर. फडकं टाकते म्हणून लिहिलंस, छान केलंस. पण नियमाचा पुढचा भाग कुठे गेला? दादा फडकं टाकून चहाला जायचा आणि परत यायचा. परत येण्यासाठीच तर जायचा. तू गेलीस ती गेलीसच. चहा किती लांबवायचा याला काही सुमार? तुझ्या शब्दसाहेबांच्या संगतीचा गुण, दुसरं काय.

आता पार्सलाचं. खोकं पोचलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यातला फडक्यांचा भाग पाचदा. मी तुला लिहिलं होतं ना, ही भाषा बोलणारी दोनच माणसं उरली? माझी मोजणी चुकली. ज्यांनी दादाला पाहिलं नाही, ज्यांना आपलं एक वाक्य येत नाही, ती माणसं त्याच्यासारखी वागताहेत. साहेबाने पडद्यावरून शब्द काढला, त्यांच्या हातातून काढता आला नाही. आणि दादाने मोडलेला तो शब्द तिथे दिवसातून कितीदा तरी पाळला जातोय. त्या मुकादमाला माझा नमस्कार सांग. मोठा असेल तर नमस्कार, लहान असेल तर आशीर्वाद, तू बघ.

इथलं म्हणशील तर जागा स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, भाषा भयंकर आहे. जेवणाला 'न्यूट्रिशन मोमेंट' म्हणतात. माझ्या खोलीत दुसरी एक बाई आहे, पूर्वी नर्स होती. समोरच्या खोलीत एक निवृत्त न्यायाधीश आहेत. किटलीचं खोकं उघडलं तशी मी त्यांना नियम सांगितला, नाव पडल्याशिवाय वीज नाही. बस्स, तेव्हापासून इथे झुंबड आहे. रोज संध्याकाळी सगळे भोवती बसतात. नर्सबाईंचं म्हणणं 'वाफारा'. न्यायाधीश म्हणतात 'तळमळ', आणि हट्टाला पेटले आहेत. ती गोड आवाजवाली पोरगीसुद्धा काल येऊन बसली आणि लाजत म्हणाली, 'भुरका' चालेल का? तिच्या तोंडून पहिल्यांदाच मला कळेल असा शब्द आला. शेवटचा शब्द माझा, सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि किटली कोरडी उभी आहे.

पण मी काही शेवटचा शब्द देत नाही. नियम असा की जास्त वापरणार त्याचा शब्द. ही किटली मी एकटीसाठी लावणार नाही, पाणी दोन कपांचंच मोजणार. दुसरा कप कुणाचा, ते त्या माणसाने येऊन ठरवावं. तोवर इथे कुणालाच चहा नाही, आणि न्यायाधीश तर तुझ्या नावाने बोटं मोडताहेत.

खोक्यावरचं ते पिवळं फडकं आतच आलंय. किटलीवर टाकून ठेवलंय.

आत्या


३० मे

ती. आत्या,

पत्र आज सकाळी मिळालं. मुकादम लहान आहे, आशीर्वाद पोचवले. रजेचा अर्ज शब्दसाहेबांच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात 'आत्याकडे चहाला' असं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, सही केली, आणि हळूच विचारलं की हॉलमधले लोक पार्सलांवर फडकी का टाकतात. मी म्हटलं, परत आले की सांगते.

गाडीला वेळ आहे, तोवर हे पेटीत टाकते. मीच आधी पोचेन बहुधा. पण तू नेहमी म्हणतेस, निघताना सांगावं.

आलेच.

ठिणगी